कडुबाच्या घरातली

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बोरखड्याच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. पहिल्याच दिवशी मुकादमानं कडुबाच्या हातातला टिकाव काढून घेतला आणि पायाशी टोपलं टाकलं. कडुबानं टोपलं पायानं बाजूला सारलं आणि दुसरा टिकाव उचलला. मुकादमानं तोही घेतला. मग कडुबा खाली बसला आणि हातांनीच मुरूम उकरायला लागला. बोटं फुटली तरी उठेना. भोवतीची माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. शेवटी मुकादमच बेजार झाला.

"खण बाबा," तो म्हणाला. "पर तुज्यामागं टोपलं कोण व्हाणार? कोणती टोळी घेती तुला, बघ."

'बाबा' तोंडातून निघून गेलं, ते मुकादमाच्या ध्यानातही आलं नाही.

कामावर गडी खणायचे आणि बाया माती वाहायच्या. कडुबा जन्मला तो मुलगी म्हणून. कोंडिबाची पाचवी मुलगी. मुलींमागं मुलीच होतायत म्हणून आईबापांनी नाव कडू ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढच्या मुली थांबतात, असं आमच्याकडं मानतात. मुली थांबल्या, पण मुलगाही झाला नाही. थोरल्या चौघी लग्न होऊन गेल्या आणि कोंडिबाच्या औतामागं हे धाकटं पोर राहिलं. बापाचा जुना सदरा, बापाचंच विटलेलं धोतर, डोक्याला पटका. एक दिवस आपणहून न्हाव्यापुढं जाऊन बसलं आणि केस उतरवून आलं. "मी आलो, मी गेलो" असंच ते पोर बोलायला लागल्यापासून बोलायचं. आईनं तोंडावर मारलं तरी ते सुटलं नाही.

चालीप्रमाणं बार्शीकडं लग्न लावून दिलं. मांडवपरतणीला कडुबा माहेरी आला तो परत गेलाच नाही. सासरची माणसं न्यायला आली तेव्हा कोंडिबा दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "माजा पोरगा औतावर गेलाय. पोरगी न्हाय माज्याकडं."

त्या एका वाक्यानं पोराचा आयुष्यभराचा सवाल मिटला असं कोंडिबाला वाटलं असेल. तो मिटला नव्हता. गावात कुणी 'कडुबा आला' म्हणे, कुणी 'कडूबाई आली'. ज्यांना टोचायचं असे ते 'आलं' म्हणत. मी 'आला' लिहितोय, कारण तो स्वतःबद्दल तसंच बोलायचा.

मी व्यंकट. पुढं गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा तिचा सेक्रेटरी झालो. इथं सांगतोय त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घरातलं जे आहे ते चांगुणाकाकूंनी मला नंतर सांगितलं.

चांगुणाकाकू मूळच्या जळकोटच्या. नवऱ्यानं, बब्रुवाननं, दुसरी बायको आणली आणि हिला घराबाहेर काढलं. भावाच्या घरात दुष्काळामुळं खाणारी तोंडंच जास्त झाली होती. म्हणून ती आमच्या गावात, सिताबाई मावशीकडं आली. तलावाच्या कामावर सगळ्या टोळ्या घरच्या घरच्या. नवरा खणी, बायको वाही. दीर खणी, भावजय वाही. हिच्यासाठी खणणारं कुणी नव्हतं, आणि कडुबामागं वाहणारं कुणी नव्हतं.

दुपारी सगळे मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घेऊन सावली शोधायला गेले. कडुबा एकटाच खणत होता. खणलेल्या मातीचा ढीग त्याच्या कमरेइतका झाला होता. चांगुणानं टोपलं उचललं आणि ढिगापाशी आली.

"मी व्हाते," ती म्हणाली.

"लोक हासतील."

"हासून हासून किती हासतील? तोंडाला कोरड पडलीया समद्यांच्या."

कडुबानं पहिल्यांदा टिकाव खाली ठेवला. टोपलं भरून तिच्या डोक्यावर चढवलं. ती गेली, रिकामं टोपलं घेऊन परत आली. संध्याकाळी मुकादमानं दोघांची टोळी धरली आणि पुढं कुणी काही विचारलं नाही. दुष्काळात माणसं फार विचारत नाहीत.

पुढच्या साली पाऊसपाणी झालं, तलावाचं काम सरलं आणि टोळ्या मोडल्या. ही टोळी मोडली नाही. चांगुणा मावशीकडं कपडे आणायला म्हणून गेली आणि ओढ्याकाठच्या कोंडिबाच्या घरात राहायला आली. कोंडिबा आणि त्याची बायको दोघंही तोवर वारलेले होते. सिताबाई मागोमाग आली. अंगणातच उभी राहून म्हणाली, "पोरी, कोण म्हणून ऱ्हाणार हायेस तू हितं?"

चांगुणा चूल पेटवत होती. सिताबाई म्हणाली, "ओली लाकडं हायेत ती. धूर व्हईल." आणि निघून गेली. तिचा होकार होता की नकार, काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही.

भाऊ मच्छिंद्र मात्र जळकोटहून भांडायला आला. त्यानं कडुबाकडं पाहिलंच नाही. बहिणीला म्हणाला, "नवऱ्यानं टाकलेली माज्या घरात ऱ्हायली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. ह्ये काय केलंस? दोन बायांचं घर असतंय का कुठं?"

"दोन बायांचं न्हाय," चांगुणा म्हणाली.

"मग कशाचं?"

तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. कडुबा गोठ्यात होता, सगळं ऐकत होता. मच्छिंद्र गेल्यावर तो बैल सोडून रानात गेला. पेरणी आठवड्यापूर्वीच झाली होती. नांगरलेल्या, पेरलेल्या रानाच्या बांधावरून तो अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारत राहिला. तेव्हापासूनची ही सवय. मनाला काही लागलं की त्याचे पाय थांबत नसत. जेवतानाही उठायचा, दावी तपासून यायचा, परत बसायचा. चांगुणाकाकू म्हणायच्या, "ह्यांचं ताट तीनदा गार व्हायचं."

'ह्यांचं', 'ह्ये' असंच त्या म्हणत. कडुबाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

वर्षं गेली. गावाला कडुबाची गरज होती, कारण त्याच्यासारखा औताचा सरळ तास कुणाचा निघत नसे. मयताला खांदा द्यायला, विहिरीतला गाळ काढायला, पिसाळलेला बैल धरायला त्याला बोलावत. लग्नाच्या पंगतीत मात्र घोळ व्हायचा. गड्यांच्या पंगतीत बसला तर कुणीतरी खाकरायचं. बायांच्यात तो बसायचा नाही. म्हणून तो वाढायला उभा राहायचा आणि शेवटी चुलीपाशी उभ्या उभ्या खायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला आमच्या गावात दूध सोसायटी निघाली. दूध परंड्याहून पुढं जायचं. हिंमतराव चेअरमन झाले. बरंच रान, गोड बोलणं, तालुक्यात ओळख. पहिल्याच आठवड्यात भानगड उभी राहिली. तात्याराव आणि मथुराबाई या बौद्ध जोडप्यानं म्हैस घेतली होती. मथुराबाई दूध घेऊन रांगेत आली तेव्हा पुढची माणसं म्हणाली, हिचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या. मी नवखा सेक्रेटरी, माप हातात धरून नुसता उभा. मथुराबाई म्हणाली, "वायलं घेणार आसाल तर घेऊच नगा." पण ती रांगेतून हलली नाही. मागून कडुबा पुढं आला. त्यानं आपली दुधाची चरवी मथुराबाईच्या हातात दिली आणि तिचं दूध स्वतःच्या चरवीत ओतून घेतलं. मग म्हणाला, "व्यंकट, माप. आता ह्यातलं कुणाचं कोणतं, ते दावा मला."

कुणाला दाखवता आलं नाही. कॅन एकच राहिला. त्या सकाळपासून मथुराबाईचं आणि चांगुणाकाकूंचं जाणंयेणं सुरू झालं.

चौऱ्याऐंशी साली तालुक्याच्या दूध संघानं आग्रह धरला की प्रत्येक सोसायटीच्या संचालक मंडळावर एक तरी बाई घ्यायची. आमच्या मंडळात तोवर सगळे गडीच. हिंमतरावांनी विचार केला. खरी बाई घेतली तर तिचा नवरा मंडळात नाक खुपसणार, शिवाय भावकीत कुणाची घ्यायची यावरून तंटा. त्यांना एक युक्ती सुचली. ते स्वतः चालत ओढ्याकाठी गेले.

"कडूबाई," ते म्हणाले.

कडुबा म्हशीला पाणी दाखवत होता. वळला नाही.

"बायांच्या जागेवर तुला घेतो. बिनविरोध. नावापुरतं बाई म्हणून बसायचं. तुज्या शब्दाला किंमत येईल, तुज्या दुधाला कोण नाव ठेवणार न्हाय. जल्म तर बाईचाच हाय की न्हाय? मग?"

"इचार करतो," कडुबा म्हणाला.

"करतो न्हाय, करते म्हणायला शीक थोडं," हिंमतराव हसून म्हणाले. त्यांना ते चेष्टेत वाटलं.

ते गेले आणि कडुबाचे पाय सुरू झाले. ओढ्यापासून बांधापर्यंत, बांधापासून गोठ्यापर्यंत. चांगुणाकाकू दारात बसून बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बसा की हो त्या जागंवर. कोण काय म्हणतंय ते म्हणू द्या. उद्या कुणी आपल्या वाटंला गेलं तर आपला माणूस मंडळात आसंल."

कडुबा थबकला. "तू बी?"

"मी काय तुमाला बाई म्हणाले का? मी म्हणते, कागुदावर..."

"कागुदावर बसायचं म्हंजे तिथं बी बसायचं. लुगड्यात न्हाय, तरी बसायचं. महिन्याच्या महिन्याला त्यांनी 'या कडूबाई' म्हणायचं आन् म्या जायाचं." तो पुन्हा चालायला लागला. "माज्या बानं दारात उभं ऱ्हाऊन ज्ये सांगितलं, त्ये म्या माज्या तोंडानं मोडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून तो बाहेर पडला आणि परंड्याच्या स्टँडवरून कुर्डुवाडीच्या एसटीत बसला. कुठं जातो हे सांगितलं नाही. काकूंनी दिवसभर वाट पाहिली. पुढचे काही दिवस त्यांनी एकटीनं म्हशी सांभाळल्या, दूध घातलं आणि विचारणाऱ्याला "पाव्हण्यांकडं गेलेत" म्हणून सांगितलं. कडुबा कुठल्याच पाव्हण्यांकडं जात नसे, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

कुर्डुवाडीत त्याला धान्याच्या आडतीवर पोती उचलायचं काम लागलं. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. चहावाला "मामा, कडक का साधा?" म्हणे. हमाल त्याच्या पाठीवर थाप मारत. स्टेशनाबाहेर एका म्हातारीनं "दादा, येवढं गठुडं डोक्यावर चढव" म्हणून हाक मारली, तेव्हा तो त्या 'दादा'वरच कितीतरी वेळ उभा राहिला. जेवायला गड्यांच्या घोळक्यात बसला आणि कुणी खाकरलं नाही. पहिल्यांदा त्याचं जेवण न उठता झालं.

पण रात्री हमालांबरोबर आडतीच्या ओट्यावर आडवं होताना तो सदऱ्याची एकही गुंडी काढत नसे. अंघोळीला सगळे नळावर जात. तो पहाटेच कुठंतरी जाऊन यायचा. कुणी घरचं विचारलं की विषय बदलायचा. असे दिवस काढून तो एका दुपारी परत आला. आल्या आल्या चांगुणाकाकूंना म्हणाला, "म्हशी इकून टाकू. कुर्डुवाडीला ऱ्हाऊ. तिथं मला मामा म्हणत्यात. नवराबायको म्हणून खोली घेऊ, कुणाला काय कळतंय!"

काकू पातेलं घासत होत्या. हात थांबले नाहीत.

"आन् कळलं तर?"

"कसं कळंल?"

"तुमी आजारी पडला तर? डाक्टर येईल, शेजारची बाई येईल. मग तिथनं बी पळायचं?" त्यांनी पातेलं उपडं घातलं. "हितं समद्यांना ठावं हाय. ठावं आसून बी खांद्याला बोलावत्यात तुमाला. तिथं मामा म्हणत्यात त्ये ठावं न्हाय म्हणून. मला न्हाय लपून ऱ्हायचं. लपायचंच आसतं तर मी बब्रुवानाच्या घरात कोपऱ्यात पडून ऱ्हायले नसते का?"

कडुबा चिडला, तणतणत रानात गेला. पण म्हशी विकल्या नाहीत.

सोसायटीची सभा शाळेच्या पटांगणात भरली. गडी पुढं सतरंजीवर, बाया मागं लिंबाखाली. कडुबा कुठंच बसला नव्हता, कडेला उभा होता. हिंमतरावांनी भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "तर बायांच्या जागेसाठी कोंडिबाच्या कडूबाईचं नाव मी मांडतो. कुणाची हरकत?"

"माजी हाय," कडुबा म्हणाला.

लोक वळून बघायला लागले.

"ती जागा बाईची हाय. बाईला द्या. म्या बसणार न्हाय."

सिदू नावाचा एक तरणा गडी होता, तोंडानं फटकळ. तो ओरडला, "मग तू हायेस तरी कोण? एकदा सांगून टाक की!"

हशा पिकला. मी टेबलामागं होतो. कडुबाचा चेहरा मला समोरून दिसत होता. मला वाटलं, आता हा निघून जाणार. पाय हललेही. पण दोन पावलं तो पुढं आला, मागं नाही.

"सिदू, तुज्या बाला खांदा दिला तवा हे इचारलं न्हाईस. औताला बोलावतूस तवा इचारत न्हाईस. हिरीत उतरायला इचारत न्हाईस. जागा द्यायची येळ आली की बरं समद्यांना इचारायचं सुचतंय." तो सतरंजीवरच्या गड्यांकडं वळला. "म्या कोण त्ये म्या ल्हानपणापासून सांगतोय. तुमी ऐकत न्हाय."

हिंमतरावांना हे आवरतं घ्यायचं होतं. ते म्हणाले, "बरं, बरं. तुला नको तर ऱ्हायलं. मग मेंबराच्या घरातली कुणीतरी घेऊ. माज्या घरातलीच बसंल, महादेवी. चालंल ना?"

"मेंबराच्या घरातली चालत आसंल," मागून मथुराबाई उठून म्हणाली, "तर मी चांगुणाबाईचं नाव मांडते. रोजचं दूध त्याच घालत्यात. महादेवीबाईंनी एकदा तरी चरवी धरलीया का?"

बायांमध्ये खसखस पिकली. हिंमतरावांच्या कपाळाला आठी पडली. "चांगुणा मेंबर न्हाय. कुणा मेंबराची बायको बी न्हाय."

"कडुबा मेंबर हायेत की," मथुराबाई म्हणाली.

"आगं पर ती कडूची कोण?" हिंमतराव ओरडलेच. "सांग की कडू. कोण तुजी ती?"

बारा वर्षं गावानं हा प्रश्न पोटात ठेवला होता. कुजबुजीत असेल, चेष्टेत असेल, पण भर सभेत, तोंडावर, कुणी विचारला नव्हता. मघाशी एवढं बोललेला कडुबा, पण या सवालावर त्याची बोटं नुसती सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत राहिली.

चांगुणाकाकू लिंबाखालून उठल्या. पदर सारखा केला.

"मी ह्यांच्या घरातली," त्या म्हणाल्या.

"घरातली म्हंजे?"

"तुमच्या घरातली जशी हाय, तशी."

कुणी हसलं नाही. महादेवीबाईंनी मान खाली घातली, पण मला वाटतं त्या ओठ दाबत होत्या. तात्यारावांनी खणखणीत आवाजात "हात वर करून मतं घ्या" म्हटलं. मतं घ्यावी लागली. महादेवीबाईंसाठी हात वर झाले, नंतर चांगुणाकाकूंसाठी. मी दोनदा मोजले. काकू हरल्या, पण थोडक्यात. त्यांच्या बाजूचे हात सगळे बौद्ध वस्तीतले नव्हते. आमच्या भावकीतल्या तीनचार म्हाताऱ्यांनी हात वर केला होता आणि त्यांच्या मुलांनी खाली खेचायचा प्रयत्न केला होता. सिताबाईचाही हात वर होता.

हरल्यावर निदान शांतता मिळेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. न बोललेली गोष्ट बोलली गेली होती. गोठ्याच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं घाण लिहिलं. काकूंनी शेण-मातीनं ते सारवून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा सारवलं. सिदूच्या भावकीनं औताला बोलावणं बंद केलं. दुसरीकडं, पंगतीत असं झालं की एका बारशाला तात्यारावांनी कडुबाचा हात धरून आपल्या शेजारी बसवलं आणि तो उठायला लागला तर गुडघ्यावर हात दाबून धरला. बरं-वाईट दोन्ही एकदमच चालू होतं. कडुबाला त्यातलं काहीच नीट भोगता येत नव्हतं. त्याच्या डोक्यात नवाच भुंगा शिरला होता.

कारण बार्शीकडून त्याचा भाचा, थोरल्या बहिणीचा महारुद्र, येऊन गेला होता. सभेची बातमी तिकडंही पोचली होती. तो ओट्यावर बसला, चहा प्याला आणि सहज म्हणाला, "मावशी, तुज्यामागं रान आमचंच हाय. ह्या बाईला तवा बाहेर काढावं लागंल. आत्ताच सांगून ठेव तिला."

पुढच्याच बाजाराच्या दिवशी कडुबा काकूंना घेऊन परंड्याला वकिलाकडं गेला. माझी ओळख होती म्हणून मीही बरोबर होतो. वकील भला माणूस. त्यानं समजावून सांगितलं, "कायद्यानं ही तुमची कोणी लागत नाही. मृत्युपत्र करा, म्हणजे रान आणि घर हिच्या नावे जाईल. पण ते कडूबाई कोंडिबा याच नावानं करावं लागेल. सातबाऱ्यावर तेच नाव आहे. शिवाय सगळं 'मी सदर स्त्री' असं लिहावं लागेल. चालेल?"

मला सभा आठवली. मी कडुबाकडं बघायचं टाळलं.

"लिव्हा," तो म्हणाला.

"आणि हिचं नातं काय लिहू?"

"घरातली लिव्हा."

"असं नातं कायद्यात नाही हो."

"मग कोणतं हाय?"

वकिलानं पेन कानामागं खुपसलं, काढलं, आणि 'सांभाळ करणारी' असं लिहिलं. वाचून दाखवताना प्रत्येक 'कडूबाई'ला कडुबाच्या मानेची शीर उडत होती. अंगठा त्यानं इतका जोरात दाबला की शाई भोवती पसरली आणि पुन्हा द्यावा लागला.

बाहेर आल्यावर काकू रडायला लागल्या. "सभंत येवढं बोलला आन् हितं माज्यापायी..."

"तिथं माज्या जागंचा सवाल हुता," कडुबा रागानंच म्हणाला. "हितं तुज्या हाय. गप चल."

एसटी समोर उभी होती तरी तो बसला नाही. आम्ही दोघं गाडीनं आलो. तो सहा-सात मैल चालत आला, आणि घरी आल्यावरही जेवला नाही.

शहाऐंशीत पुन्हा पाऊस दडी मारून बसला. चाऱ्यावाचून म्हशी हडकल्या, त्यातली एक विकावी लागली. पुढच्या उन्हाळ्यात कडुबाच्या पोटात दुखायला लागलं. त्यानं ते काही महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी बार्शीला नेलं. दवाखान्यात त्याला बायांच्या खोलीतली खाट दिली. थोड्या वेळानं मी औषधं घेऊन आलो तर खाट रिकामी. तो बाहेर व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून उभा होता. उभं राहायचंही त्राण नव्हतं.

"घरी ने मला," म्हणाला.

घरी आणलं. पोळा झाला आणि तो गेला.

त्या सकाळी अंगणात माणसं जमली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. मयताला अंघोळ कोण घालणार? गड्याला गडी घालतात, बाईला बाया. गडी बायांकडं बघायला लागले, बाया गड्यांकडं. कुणी पुढं होईना. काकूंनी चुलीवरचं पाणी उतरवलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. आतून फक्त तांब्याचा आवाज येत होता. दार उघडलं तेव्हा कडुबाच्या अंगावर नवं धोतर, नवा सदरा होता आणि डोक्याला पटका बांधलेला होता. पटका थोडा वाकडा होता. काकूंना बांधायची सवय नव्हती. हिंमतराव पुढं झाले आणि त्यांनी तो सारखा केला.

महारुद्र बार्शीहून पोचला होता. मृत्युपत्राचं त्याला कळलं होतं. म्हणून तो आगीचं मडकं धरायला तयार होईना. काकूंनीच मडकं उचललं. बाई पुढं चालायची आमच्याकडं रीत नाही. दोघंतिघं तिथूनच माघारी फिरले. खांद्याला तात्याराव होते, मी होतो, आणखी दोघं होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीचं दार उघडलं तर चांगुणाकाकू चरवी घेऊन रांगेत. डोळे सुजलेले. म्हशीला धार थांबवायला कोण सांगणार? रांगेत पुढं सिदू होता. त्यानं मागं वळून पाहिलं आणि नेहमीच्या फटकळ आवाजात म्हणाला, "काकू, तुमाला सुतक हाय. सुतकात दूध कसं काय घालताव?"

बोलून गेल्यावर तोच गोंधळला. सुतक घरच्या माणसालाच लागतं. काकू त्याच्याकडं बघत राहिल्या आणि मग, अंत्यविधीला एक टिपूस न काढलेली ती बाई, चरवी हातात धरून भर रांगेत हमसून रडायला लागली.

मथुराबाईनं त्यांच्या हातातली चरवी घेतली. "तुमी जावा घरी," ती म्हणाली. "सुतक फिटंस्तवर तुमचं दूध म्या घालते." काकू ओढ्याच्या वाटेला लागल्या. सिदू आपली बारी सोडून बाजूला सरला आणि काकूंच्या चरवीकडं बघत मला म्हणाला, "व्यंकटभाऊ, माप की." मी माप उचललं.